ट्यूब द्यावी की प्रश्न विचारावा?

पुरुषांच्या जांघेतली, लिंगावरची किंवा अंडकोशावरची कातडी कोरडी पडणं हा तसा किरकोळ त्रास. आंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी वाटते, बारीक पापुद्रे निघतात, पुढच्या कातडीला चिरा पडतात, लघवीच्या वेळी चुरचुरतं. बहुतेकांचा हा त्रास घरच्या घरी, फारसा खर्च न करता बरा होण्यासारखा असतो. तरीही माणूस त्वचारोगतज्ज्ञापर्यंत पोचतो तेव्हा कित्येकदा महिने उलटलेले असतात आणि साध्या कोरडेपणावर दुसऱ्याच दुखण्याची भर पडलेली असते. मधल्या काळात तो जातो कुठे? औषधाच्या दुकानात.

म्हणून या लेखात दोन माणसांना बोलतं केलं आहे. काका कराडजवळच्या एका गावात अनेक वर्षं औषधाचं दुकान चालवतात. पुतण्या साताऱ्यात त्वचारोगतज्ज्ञ आहे. दोघांनाही समोरच्या माणसाचं भलंच हवं आहे. ते कसं करायचं, यावर मात्र त्यांचं जमत नाही. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे, म्हणून इथं कुणालाही मुद्दाम हरवलेलं नाही.

काका : तू म्हणालास, दुकानदारांनी ट्यूब देणं थांबवलं तर तुझ्याकडची गर्दी निम्म्यानं कमी होईल. मला ते लागलं. रात्री दुकान बंद करायच्या वेळेला माणूस येतो. बायाबापड्या जाईपर्यंत बाजूला उभा राहतो. मग पुढं येऊन हळूच म्हणतो, "खालच्या बाजूला खाज आहे, काहीतरी द्या." कधी तो ट्रकवरचा असतो, कधी ऊसतोडीचा, कधी शाळेतला मास्तर. त्याला काय सांगू, साताऱ्याला जाऊन माझ्या पुतण्याला दाखव? त्याचा रोज बुडतो, वर तुझी फी, आणि परक्यासमोर विजार सोडायची लाज वेगळीच. मी ट्यूब देतो, दोन दिवसांत त्याला झोप लागते. यात वाईट काय?

पुतण्या : दोन दिवसांत झोप लागते, तिथंच तर घोळ आहे, काका. तुम्ही देता त्या ट्यूबमध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीवरचं, एक-दोन जंतूंवरची, आणि सोबत स्टिरॉइड. ते स्टिरॉइड बऱ्याचदा क्लोबेटासोल असतं, म्हणजे लावायच्या स्टिरॉइडमधला सगळ्यात तीव्र गट. लाली आणि खाज ते झटकन दाबतं. माणसाला वाटतं, गुण आला. पण त्रास साबणामुळे होत असेल तर साबण चालूच राहतो आणि बुरशीमुळे होत असेल तर ती आत पसरत राहते. ट्यूब थांबली की सगळं दुपटीनं उफाळतं. मग तो तुमच्याकडंच येतो आणि तीच ट्यूब मागतो.

काका : हातापायाला हीच ट्यूब लावणारे कित्येक आहेत. त्यांना तर काही झालेलं दिसत नाही.

पुतण्या : हाताच्या आणि तिथल्या कातडीत फार फरक आहे. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाक या दोन अमेरिकन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड शरीराच्या कुठल्या भागातून किती आत शिरतं ते मोजलं. कोपरापासून मनगटापर्यंतच्या कातडीशी तुलना केली तर अंडकोशाच्या कातडीतून ते ४२ पट जास्त शिरलं. म्हणजे हाताला जेमतेम पुरणारं औषध तिथं अतोनात होतं. आठवड्यांमागून आठवडे लावत राहिलं की कातडी पातळ होते, जांघेत कायमचे पांढरट-जांभळे वळ उमटतात, अंडकोश लालभडक होऊन सतत आग मारतो. ती आग शमवायला माणूस पुन्हा ट्यूब लावतो. २०१८ मध्ये सरकारनं अशा स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये घातलं, ते काही उगाच नाही. चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नाहीत.

काका : कायदा मला ठाऊक आहे. पण मी नाही म्हटलं तर तो चार पावलांवरच्या दुसऱ्या दुकानात जातो. तिथं त्याला तीच ट्यूब मिळते, वर दोन इंजेक्शनं. बरं, ट्यूब बाजूला ठेव. मुळात कातडी कोरडी पडतेच का? मी तर सगळ्यांना सांगतो, स्वच्छता ठेवा, दोन वेळा साबण लावून घासून धुवा, पाण्यात जंतुनाशक घाला.

पुतण्या : तुमचा हा सल्लाच पुष्कळदा त्रासाचं मूळ असतो. लंडनमध्ये झालेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. शिश्नमुंडाला वारंवार लाली आणि आग होते असे ४३ पुरुष त्यात तपासले होते. त्यातल्या ३१ जणांना जंतुसंसर्ग नव्हताच. कातडी बाहेरच्या गोष्टींनी चिडली होती. हे लोक बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा साबणानं धूत होते, आणि त्यांच्यात दमा, इसब, ॲलर्जी असल्या प्रकृतीची माणसंही जास्त होती. साबण कमी केला, साधं स्निग्ध मलम लावलं, एवढ्यावर ३१ पैकी २८ जणांना आराम पडला. स्टिरॉइड नाही, प्रतिजैविक नाही.

काका : लंडनचा माणूस उसाच्या फडात राबत नाही. आमच्याकडं घाम, धूळ, पाचट, वर टायरीवर बसून प्रवास. साबण लावू नको म्हणून मी त्याला सांगितलं तर घरची माणसं त्याला जवळ बसू देणार नाहीत.

पुतण्या : घामाचं तुमचं म्हणणं मान्य. म्हणून जागा वेगळ्या करून सांगायला हवं. जांघेच्या घडीत, केसांच्या भागात, मागच्या बाजूला घाम साचतो. तिथं दिवसातून एकदा सौम्य, बिनवासाचा साबण चालेल, पण फेस पूर्ण निघून जाईपर्यंत पाणी घालायचं. शिश्नमुंड आणि पुढच्या कातडीची आतली बाजू मात्र ओठाच्या आतल्या बाजूसारखी नाजूक असते. तिथं साबण नको. कातडी सहज मागं सरकत असेल तेवढीच हलक्या हातानं सरकवायची, कोमट पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि कातडी पुन्हा पुढं आणायची. दिवसातून एकदा एवढं पुरतं. तिथं साचणारा पांढरा थर पाण्यानं निघतो, तो घासून खरवडायचा नसतो.

काका : आणि लहान पोरांचं? बाया विचारतात, पोराची कातडी मागं होत नाही, तेल लावून ओढू का?

पुतण्या : अजिबात ओढायची नाही. लहानपणी ती आत चिकटलेलीच असते आणि वाढत्या वयात आपोआप सुटते, काहींची पार वयात येईपर्यंत. ओढली तर चीर पडते, चीर भरताना वण धरतो आणि पुढं खरोखरच अडचण होते. बाहेरून धुतलं की झालं. लघवी करताना कातडी फुगत असेल, सारखी सूज येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

काका : पण साबणात एवढं वाईट काय असतं? आयुष्यभर सगळेच लावतात.

पुतण्या : कातडीचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास. आंघोळीचा नेहमीचा साबण ९ ते १० चा असतो. कातडीच्या पेशींमध्ये ओल धरून ठेवणारा चरबीचा जो लेप असतो, तो साबण धुऊन नेतो. पाठीची जाड कातडी ते सोसते, ही सोसत नाही. त्यात बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चिकट साका तिथंच राहतो. हिवाळ्यात कढत पाणी अंगावर घेतलं की उरलासुरला ओलावाही जातो. आणि बादलीत घातलेलं जंतुनाशक तर तिथं नकोच. ते जखमेसाठी, फरशीसाठी असतं, रोज नाजूक कातडीला लावण्यासाठी नसतं. त्यानं जळून, सोलवटून आलेली माणसं त्वचारोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. लिंबू, कडुनिंबाचा लेप, टूथपेस्ट, कापूर घातलेली मलमं, टाल्कम पावडर, सुगंधी ओले रुमाल, यातलं काहीही तिथं लावू नये.

काका : सगळंच नको म्हणालास. मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं काय? रिकाम्या हातानं कुणी जात नाही. त्याला वाटतं, दुकानदारानं फसवलं.

पुतण्या : पेट्रोलियम जेलीची छोटी डबी द्या, बिनवासाची. आहे की नाही स्वस्त? आंघोळ झाल्यावर कातडी टिपायची, पण थोडी ओलसर असतानाच मटारएवढी जेली बोटावर घेऊन पातळ चोळायची. कातडीतलं पाणी उडून जाऊ न देण्याचं काम ती करते. ज्याला चिकटपणा आवडत नाही त्याला सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर. फार कोरडेपणा असेल तर रात्री पुन्हा एकदा. पुढच्या कातडीखाली जाड थर भरून ठेवायचा नाही. कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो, पण आराम आठ-पंधरा दिवसांत कळतो.

काका : आमच्या वडिलांच्या काळी यालाच खोबरेल तेल म्हणायचे. तालमीतली पोरं लंगोट बांधण्याआधी जांघेत दोन बोटं खोबरेल लावायची, घासत नसे. तुम्ही शिकलेल्यांनी तेल काढून जेली आणली.

पुतण्या : खोबरेल तेलाला माझी आडकाठी नाही, काका. कोरड्या कातडीला ते चांगलंच. शुद्ध हवं, सुवासिक नको, कापूर घातलेलं नको, आणि मोहरीचं तेल तर मुळीच नको, ते झोंबतं. फक्त दोन ठिकाणी सांभाळायचं. जांघेत आधीच गोल कडांचे, कडेला उठलेले, खाजरे चट्टे असतील तर तो कोरडेपणा नसून गजकर्ण असतं. त्यावर तेल चोपडलं तर घडीतली ओल आणि ऊब वाढते आणि बुरशीला सोयच होते.

काका : आणि दुसरं ठिकाण?

पुतण्या : निरोध. तेल, व्हॅसलिन, तूप, मलईची क्रीम, यातलं काहीही लेटेक्सच्या निरोधाला लागलं की रबर कमकुवत होऊन तो फाटू शकतो. हे फार कमी जणांना माहीत आहे. निरोध वापरणाऱ्याला पाण्याचं किंवा सिलिकोनचं वंगण, म्हणजे जेल, सुचवायचं.

काका : तो विषय काढलासच तर सांगतो. नवीन लग्न झालेली पोरं येतात, भेगा पडल्यात म्हणतात. ते काय असतं, मलाही कळतं. पण काउंटरवर उभं राहून घर्षणाबद्दल कसं बोलायचं?

पुतण्या : एका वाक्यात बोलायचं. "कोरडं कोरड्यावर घासलं की चीर पडते, चार-पाच दिवस विश्रांती द्या, नंतर जेल वापरा." एवढंच. जोडीदारालाही कोरडेपणा असू शकतो, विशेषतः बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना किंवा पाळी गेल्यावर, हेही त्याला कळायला हवं. तेव्हा घाई न करणं दोघांच्याही भल्याचं. हस्तमैथुनाला साबणाचा फेस वापरणारी मुलंही पुष्कळ आहेत, त्यांचा त्रास तर साबण सोडला की थांबतो. शीघ्रपतनावरचे फवारे कातडी बधिर करतात, काहींना त्यातल्या औषधाचीच ॲलर्जी येते. निरोध वापरल्यावर दर वेळी खाज-सूज येत असेल तर लेटेक्सची ॲलर्जी असू शकते, तेव्हा दुसऱ्या पदार्थाचा निरोध घ्यायचा. यात शरमेसारखं काही नाही. पायाला बूट चावला तर आपण बोलतोच ना?

काका : पायाचं पायाला, तिथलं तिथं. ते तसं सोपं नाही, आणि लाज सोडा म्हणून ती सुटतही नाही. पण तुझं पुढचं ऐकतो. कपड्यांचं काय? पावसाळ्यात आमच्याकडं चड्ड्या चार-चार दिवस वाळत नाहीत. माणसं दमट चड्डी तशीच चढवतात.

पुतण्या : कोकणात आणि घाटमाथ्यावर हे सर्रास होतं. दमट कपड्यानं घडीतली कातडी आधी फुगते, मग सोलते, तिथं बुरशी येते. कोरडं होईपर्यंत इस्त्री फिरवा किंवा चुलीच्या उबेला वाळवा, पण ओलं घालू नका. सुती, सैल, रोज बदललेलं. धुताना पावडर कमी, पाणी जास्त, कारण पावडरीचा अंश कापडात राहिला की घामाबरोबर तो कातडीला लागतो. रात्री लुंगी किंवा पायजमा, आत काही नको. दिवसभर गाडीवर किंवा खुर्चीवर असणाऱ्यानं मधून मधून उठावं. केस वस्तऱ्यानं साफ करण्याचा हट्ट नको, कात्रीनं किंवा ट्रिमरनं आखूड ठेवले तरी स्वच्छता राहते. लंगोट घट्ट बांधणाऱ्या पैलवानानं कुस्ती झाल्यावर तो लगेच सोडावा आणि रोज धुऊन उन्हात वाळवावा. दुसऱ्याचा लंगोट आणि टॉवेल वापरू नये.

काका : आता माझ्याकडून एक ऐक, तुमच्या पुस्तकात आहे की नाही मला माहीत नाही. तंबाखू-चुना मळलेल्या हातानं लघवीला जाणारे, मिरची तोडून येणारे, सिमेंटचं काम करणारे, फवारणी करून येणारे. हात न धुता जातात आणि मग आग आग करत माझ्याकडं येतात. मी त्यांना म्हणतो, लघवीनंतर हात धुता, तसे आधीही धुवा.

पुतण्या : हे सगळ्यांना सांगायला हवं, काका. चुना आणि सिमेंट दोन्ही दाहक. आणि जी कातडी स्टिरॉइड एवढं आत घेते ती कीटकनाशकही आत घेते. फवारणीत विजार भिजली असेल तर घरी येईपर्यंत थांबायचं नाही, लगेच बदलून धुवायचं.

काका : बरं, तुझं पाणी, तुझी जेली, सगळं दिलं. पण समोरच्याला नुसता कोरडेपणा आहे की आणखी काही, हे मी काउंटरवरून कसं ओळखू? मी डॉक्टर नाही. उद्या मी जेली दिली आणि आत काही भलतंच निघालं तर?

पुतण्या : म्हणूनच मी म्हणतो, ट्यूब द्यायच्या आधी प्रश्न विचारा. पहिला प्रश्न साखरेचा. पुढच्या कातडीच्या टोकाला उभ्या चिरा, लाली, पांढरा चिकट थर, हे सारखं होत असेल तर साखर तपासलीच पाहिजे. कित्येकांना मधुमेह आहे हे यावरूनच पहिल्यांदा कळतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे. अशांना साधी जेली पुरत नाही. क्लोट्रिमाझोलसारखं बिनस्टिरॉइडचं बुरशीचं मलम लागतं आणि साखर ताब्यात यावी लागते.

काका : मधुमेहाची गोळी चालू असलेले पण येतात. साखर बरी असते, तरी खाली खाज.

पुतण्या : त्यांची गोळी बघा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते औषध साखर लघवीवाटे बाहेर काढतं, दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास. ती साखर पुढच्या कातडीखाली राहिली की बुरशी वाढते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हृदयाला आणि मूत्रपिंडाला ती उपयोगी आहे. प्रत्येक लघवीनंतर पाण्यानं धुऊन टिपायचं, आणि खाज राहिलीच तर ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना सांगायचं.

काका : दुसरा प्रश्न?

पुतण्या : "रात्री खाज वाढते का, आणि घरात आणखी कुणाला आहे का?" हो म्हणाला तर खरूज असू शकते. लिंगावर आणि अंडकोशावर तिच्या खाजऱ्या गाठी येतात. एकट्याला मलम देऊन काही होत नाही, घरातल्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी करावा लागतो. तिसरा, "अंगदुखीची किंवा जुलाबाची गोळी घेतल्यावर हा डाग त्याच जागी पुन्हा येतो का?" काहींना विशिष्ट औषधाची अशी प्रतिक्रिया येते. गोल, लालसर-काळा डाग दर वेळी तिथंच उठतो, शिश्नमुंड ही त्याची आवडती जागा. ते औषध ओळखून कायमचं टाळायचं असतं. चौथा, "जखम, फोड, पांढरा घट्ट चट्टा किंवा गाठ आहे का?" असेल तर काहीही न देता पाठवायचं.

काका : पांढरा चट्टा म्हणजे कोड?

पुतण्या : नेहमीच नाही. कातडी पांढरी, पातळ, कडक होते आणि पुढचं तोंड आवळत जातं, असा एक आजार आहे, लायकेन स्क्लेरोसस. त्यात आम्ही क्लोबेटासोलच देतो. तुम्ही देता तेच औषध, पण निदान करून, ठरलेल्या मुदतीत, तपासत तपासत. वेळेवर उपचार झाला नाही तर लघवीचा मार्ग अरुंद होऊ शकतो, आणि क्वचित पुढं कर्करोगही. न दुखणारी जखम उपदंशाची असू शकते. महिनाभर न भरलेल्या जखमेकडं तर कुणीच दुर्लक्ष करू नये. आणि कातडी मागं जाऊन अडकली, पुढचा भाग सुजला, तर त्याच क्षणी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. सुंता झालेल्या गिऱ्हाइकाला मात्र हे सांगा की शिश्नमुंड उघडं राहिल्यानं तिथली कातडी मुळातच थोडी कोरडी असते. खाज, भेग, लाली नसेल तर तो आजार नव्हे.

काका : एक माणूस तू विसरलास. अंथरुणाला खिळलेला म्हातारा. त्याची सून माझ्याकडं येते, मान खाली घालून डायपर मागते. त्याची कातडी कोरडी पण आणि ओली पण.

पुतण्या : बरं झालं आठवण केलीत. वय वाढलं की कातडीतलं तेल आधीच कमी होतं, त्यात लघवीचा सततचा संपर्क. दर बदलाला कोमट पाणी आणि मऊ सुती कापड, घासायचं नाही, टिपायचं. मग झिंक ऑक्साइडचं किंवा पेट्रोलियम जेलीचं जाडसर संरक्षक मलम. दिवसात थोडा वेळ डायपरशिवाय मोकळं ठेवायचं. ते करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला तुम्ही दोन शब्द नीट समजावलेत तर त्या म्हाताऱ्याचे दिवस सुखाचे जातील.

काका : पण पाठवायचं कुठं, हा माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. तुझी फी परवडत नाही त्यानं काय करायचं?

पुतण्या : जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं. गुप्तांगाच्या तक्रारी तिथं मोफत तपासतात, औषध मोफत मिळतं. भिंतीवर "गुप्तरोग" लिहून जाहिरात करणाऱ्यांच्या दारी जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

काका : तिथल्या रांगेत ओळखीचं कुणी दिसलं तर गाव बोलेल, ही भीती तुला कळत नाही. तू नेहमी म्हणतोस, मोकळेपणानं बोला, शाळेत शिकवा. मी म्हणतो, माणसाची लाज ही त्याची अब्रू असते, ती सांभाळून त्याला बरं करता आलं पाहिजे. माझ्या दुकानात तो येतो, कारण मी त्याला चारचौघांत काही विचारत नाही.

पुतण्या : आणि विचारत नाही म्हणूनच चुकीची ट्यूब जाते. मुलांना शाळेत दात घासायला शिकवतो तसं हे धुणंही शिकवलं पाहिजे, यावरून मी हटणार नाही. नाहीतर पुढच्या पिढीतही हेच गिऱ्हाईक, हीच ट्यूब. पण तुमच्या लाजेच्या मुद्द्यात तथ्य आहे. प्रश्न चारचौघांत विचारायचे नाहीत.

काका : मग ऐक. दुकानाच्या मागं माल ठेवायची खोली आहे, तिथं एक स्टूल टाकतो. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची ट्यूब नाही, म्हणजे नाही. तुझे चार प्रश्न तिथं विचारतो, संशय आला तर साखर तिथंच यंत्रावर बघतो. साधा कोरडेपणा वाटला तर साबण बंद, कोमट पाणी, जेली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा ये म्हणून सांगतो. पण तूही एक करायचं. महिनोन् महिने ट्यूब लावून बसलेल्यांचं काय? त्यांची एकदम बंद केली तर आग उठेल, ते मला शिव्या घालत दुसरीकडं जातील.

पुतण्या : त्यांना बंद करा असं तुम्ही सांगूच नका, थेट माझ्याकडं पाठवा. ती कशी उतरवायची ते मी बघतो. आठवड्यातून एका संध्याकाळी मी उशिरापर्यंत थांबेन, दिवसाचा रोज बुडायला नको. तुमची चिठ्ठी आणणाऱ्याकडून तपासणीचे पैसे घेणार नाही, आणि दारावर कुठल्या तक्रारीसाठी आला हे कुणी विचारणार नाही.

काका : शाळेचं मात्र मला अजून पटलेलं नाही.

पुतण्या : ते भांडण चालू ठेवू. तोवर धुवायचं कसं, लावायचं काय आणि कुठल्या खुणा दिसल्या तर यायचं, एवढं एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून पाठवतो. जेलीच्या प्रत्येक डबीबरोबर एक कागद द्या. वाचता न येणाऱ्याला त्या मागच्या खोलीत वाचून दाखवा.